फक्त स्टिअरिंगचं काम

भावावर सूड उगवायचा म्हणून बाईनं गॅरेज काढल्याचं मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही. आमच्या रस्त्यावर ते घडलं, माझ्या दुकानाच्या अगदी समोर घडलं, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान, म्हणजे नटबोल्ट, ग्रीस, बॉल जॉइंट, दोन्ही बाजूंना मीच विकलं. स्पेअर पार्टचं दुकान चालवणाऱ्याला बाजू घेऊन परवडत नाही. मी घेतली नाही. त्यामुळे दोघंही माझ्यापाशी मोकळेपणानं बोलायचे आणि मला सगळं ठाऊक आहे.

तिला रस्त्यावर सगळे मिस्त्रीण म्हणतात. आधी चेष्टेनं म्हणायचे, पुढे पुढे जपून म्हणायला लागले.

आमचा रस्ता पहिल्यापासून गॅरेजांचाच. रस्ता संपतो तिथून डोंगर चढायला लागतो. वर दगडाची खाण आहे आणि त्याच्याही वर मोबाइलचा टॉवर. वरची वाट नुसत्या दगडगोट्यांची, मध्ये ओढा, पुढे घसरडी लाल माती. साध्या गाडीचं तिथं काम नाही. उंच पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, घातलेल्या, मोठ्या टायरच्या, चारी चाकं ओढणाऱ्या जीपगाड्याच वर जातात आणि त्यांची पुढची बाजू मार खाऊन खाऊन खिळखिळी होते. मग स्टिअरिंगला प्ले येतो. म्हणजे तुम्ही स्टिअरिंग चार बोटं फिरवलंत तरी चाकांना पत्ताच नसतो. सरळ रस्त्यावर गाडी कधी डावीकडे सरकते, कधी उजवीकडे, आणि ड्रायव्हर तिच्यामागे नुसता हात हलवत बसतो. गाडी भरकटते म्हणतात ते हेच. आमचा सगळा रस्ता या एका रोगावर पोट भरतो म्हटलं तरी चालेल.

मिस्त्रिणीचे वडील या रस्त्यावरचे सगळ्यात जुने मिस्त्री. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. गाडी आली की म्हातारा आणि मुलगा खाली खड्ड्यात उतरायचे, आणि मुलीला वर सीटवर बसवायचे. खालून बापाचा आवाज यायचा, "हलव. थांब. परत हलव." ती स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायची आणि खाली बाप बघायचा, कुठला सांधा उशिरा हलतोय ते. मुलगा डोळ्यांनी शिकला आणि ही तळहातांनी शिकली. बाप थकला तेव्हा त्यानं गॅरेज मुलाच्या नावावर केलं आणि मुलीचं लग्न करून दिलं. तिला कुणी काही विचारलं नाही. तीही काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिला काही वाटलं नाही, असं घरच्यांनी धरून चाललं.

नवरा ड्रायव्हर. उंच, हसरा, उगाच बडबड करणारा, पण स्टिअरिंगवर हात लोण्यासारखा. स्वतःची जीप होती. खाणीवरची माणसं आणि टॉवरवरचं सामान वर न्यायचा. मेव्हण्याशी त्याचं चांगलं जमायचं. जीपला उंच पाटे आणि मोठी टायरं मेव्हण्यानंच हौसेनं घालून दिली होती. दोघं संध्याकाळी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून कुणाची गाडी कशी अडकली त्याच्या गप्पा मारायचे. ती तेव्हा घर सांभाळायची आणि नवऱ्याची गाडी दारात लागली की सहज म्हणून स्टिअरिंगला हात लावून बघायची.

एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "गाडी मोकळी झालीय. दादाला दाखवा."

त्यानं दाखवली. मेव्हण्यानं अर्ध्या दिवसात परत दिली. स्टिअरिंग एकदम घट्ट. नवरा खूश. तिनं हात लावून बघितलं आणि म्हणाली, "नुसतं घट्ट लागतंय. सुधारल्यासारखं नाही लागत." नवरा हसला आणि म्हणाला, "भावाच्या कामात खोट काढल्याशिवाय तुला जेवण जात नाही."

पुढच्याच आठवड्यात तो सकाळी पाण्याची पिंपं घेऊन टॉवरवर निघाला. बरोबर कुणी नव्हतं, ते नशीब. ओढा पार करून वळणावर आला आणि स्टिअरिंग त्याच्या हातात भोवऱ्यासारखं फिरलं. खालचा स्टिअरिंग बॉक्स ज्या लोखंडाला बोल्टनं बसवलेला असतो, ते लोखंडच चासीपासून, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापासून, फाटून सुटलं होतं. गाडी कडेवरून खाली गेली, लोळली आणि दगडाला अडकली. त्याचा उजवा गुडघा चिरडला.

खोटं कशाला सांगू, खबर कळताच भाऊ धावत गेला आणि त्यानंच त्याला पाठीवर घेऊन वर आणला. कपडे रक्तानं माखले होते, रडत होता. दवाखान्यात दिवसभर उभा होता. पण संध्याकाळी दवाखान्याच्या फाटकाशी लोक जमले, कसं झालं म्हणून विचारायला लागले, तेव्हा तो म्हणाला, "दाजी वळणावर जरा जोरात होते."

एवढंच म्हणाला. ते वाक्य रात्रीतून आमच्या रस्त्यावर आलं. सकाळी त्याचं "भरधाव" झालं. दोन दिवसांत त्यात दारूही मिसळली. जन्मात दारूला न शिवलेला माणूस, पण लोकांना तेच पटलं, कारण घरचाच माणूस सांगतोय.

मोडलेली जीप भावाच्या गॅरेजमागच्या अंगणात आणून टाकली होती. नवऱ्याचा डबा आणि जाकीट घ्यायला ती तिथं गेली. मीही होतो, भावाकडे माल पोचवायला गेलो होतो. तिनं डबा काढला, जाकीट काढलं, आणि मग साडीचा पदर खोचून जीपच्या पुढच्या बाजूला खाली वाकली. बराच वेळ वाकून राहिली. उठली तेव्हा तिच्या बोटांना काळा रंग होता.

फाटलेल्या लोखंडाची कड आतून गंजलेली होती. म्हणजे भेग जुनी. आणि त्या गंजावर बाहेरून नवा कोरा काळा रंग मारलेला. इतका नवा की बोटाला येत होता.

भाऊ गॅरेजातून बाहेर आला. ती म्हणाली, "दादा, रंग कधी लावलास?"

"कसला रंग?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो माझ्याकडे बघायला लागला. मी हातातली खोकी खाली ठेवली आणि पावती नंतर देतो म्हणून निघून आलो. ती पुढे एक शब्दही बोलली नाही, असं भावानंच मला नंतर सांगितलं. म्हणाला, "भांडली असती तर बरं झालं असतं."

नवऱ्याचा पाय जुळला, पण गुडघा वाकेना. हात शाबूत होते, डोळे शाबूत होते, आणि एक-दोन गाड्या अशा होत्या की वाकत नसलेल्या पायानंही चालवता आल्या असत्या. पण कुणी ठेवून घेईना. खाणीचा मॅनेजर तिला स्पष्टच म्हणाला, "पायाचं काही नाही हो. पण त्या दिवशी तो शुद्धीत होता का, हे माझ्या माणसांनी मला विचारलं तर मी काय सांगू?"

ती घरी आली, नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी त्याला या रस्त्यावर उभा राहू देणार नाही."

"कुणाला?"

"दादाला."

नवरा म्हणाला, "पाय माझा, मेव्हणा माझा, आणि वैर तुझं. हे कसं काय?"

"तुम्ही नाही धरलंत म्हणून."

भावाच्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक पत्र्याची शेड रिकामी पडून होती. तिनं ती भाड्यानं घेतली. खड्डा खणून घेतला. नवऱ्याला वर सीटवर बसवायचं आणि आपण खाली उतरायचं, असं सुरू केलं. पाटी लावली, "येथे फक्त स्टिअरिंगचं काम होईल." इंजिन नाही, ब्रेक नाही, पंक्चर नाही. फक्त स्टिअरिंग. पाटीचं तोंड रस्त्याकडे नव्हतंच, ते थेट भावाच्या दाराकडे होतं. सगळ्या रस्त्याला कळलं. भावाला तर सगळ्यात आधी कळलं.

पहिले काही महिने लोक नुसते बघायला यायचे. बाई गाडीखाली कशी जाते ते. तिनं त्याचा उपयोग करून घेतला. भावाच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडली की ती रस्त्याच्या कडेला उभी राहायची आणि हात करायची. "दादानं केलंय ना? दाखवा जरा. फुकट बघते." ड्रायव्हरला खड्ड्यात घेऊन जायची, बॅटरीचा उजेड सांध्यावर मारायची आणि वर नवऱ्याला सांगायची, "हलवा." मग ड्रायव्हरला म्हणायची, "बघितलंत? हे हललं, आणि हे नाही हललं. मधलं कुठं गेलं?" तिनं कधी भावाला शिवी दिली नाही की त्याच्याबद्दल वाईट बोलली नाही. जे होतं ते दाखवायची. भावाच्या कामात दहा ठिकाणी बरं असायचं आणि एका ठिकाणी उरकलेलं असायचं. ती ते एक ठिकाण शोधून काढायची.

आणि ते एक ठिकाण बहुतेक वेळा तेच निघायचं. स्टिअरिंग बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की हाताला प्ले लागत नाही. खालचे सांधे झिजलेले असले, चासीला भेग असली, तरी वर सगळं घट्ट वाटतं. घाईत असलेला मिस्त्री तेवढाच आवळतो आणि गाडी देऊन टाकतो. भाऊ नेहमीच घाईत असायचा.

गिऱ्हाईक एकेक करून रस्ता ओलांडायला लागलं. भाऊ माझ्या दुकानात येऊन बसायचा. "तुम्ही तिला माल देऊ नका," असं एकदा म्हणाला.

मी म्हटलं, "मग तुलाही देता येणार नाही."

तो म्हणाला, "ती लहानपणापासून अशीच आहे. खेळात हरली तरी आठवडाभर डोक्यात ठेवायची."

"खेळ होता का रे तो?" मी विचारलं. त्यानं बॉल जॉइंटची पिशवी उचलली आणि गेला.

वडील गेल्यापासून आई भावाकडे राहायची. एका दुपारी ती काठी टेकत रस्ता ओलांडून शेडमध्ये आली. मी ग्रीसचा डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा मला बघूनही ती थांबली नाही. म्हणाली, "तुझ्या बापानं गॅरेज त्याला दिलं, त्याचा राग आहे तुला. पायाचं नुसतं निमित्त करतेस."

मिस्त्रीण खड्ड्यातून वर आली. हात पुसत म्हणाली, "राग दोन्हीचा आहे. वेगळा वेगळा कशाला करू?"

"अगं, घरात सून आहे, नातवंडं आहेत. त्यांनी काय खायचं?"

"माझ्या घरात कोण आहे ते विचारलंस कधी?"

आईनं वर सीटवर बसलेल्या जावयाकडे बघितलं. जावई म्हणाला, "आई, पाणी देऊ का?" म्हातारी न पिता गेली. जाताना मात्र जावयाच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावरून हात फिरवून गेली, ते मी पाहिलं.

गंमत म्हणजे नवऱ्याला मेव्हण्याचा राग येतच नव्हता. तो समोरून दिसला की हा सीटवरून हात करायचा. तोही करायचा. मग मिस्त्रीण खालून ओरडायची, "हात स्टिअरिंगवर ठेवा." एकदा मी नवऱ्याला विचारलं की तुला खरंच काही वाटत नाही का. तो म्हणाला, "वाटतं ना. पण मला पाठीवर घेऊन वर चढताना तो किती रडत होता ते मी ऐकलंय. हिनं नाही ऐकलेलं." मग म्हणाला, "हिला सांगितलं तर म्हणते, रडणारच, स्वतःचं पाप पाठीवर होतं."

पुढे वरच्या वाटेवर आणखी एक जीप घसरली. ती भावाच्या हातची नव्हती, मिस्त्रिणीच्याही नव्हती, बाहेरून आलेली होती. माणसं वाचली, पण खाणीचा मॅनेजर घाबरला. त्यानं नियम काढला की प्रत्येक गाडी वर जायच्या आधी स्टिअरिंग तपासून घ्यायची. तपासणार कोण? तोवर आमच्या रस्त्यावर स्टिअरिंग म्हटलं की मिस्त्रीण, असं झालंच होतं. गाडी बरी असेल तर तिनं पुढच्या चाकावर खडूनं फुली मारायची. फुली असेल तरच वरचं फाटक उघडायचं.

आणि इकडे भावाचं गॅरेज इतकं बसलं होतं की त्यानं कामाची माणसं सोडली आणि एक जुनी जीप नीट करून स्वतःच वर माणसं न्यायला लागला होता. म्हणजे आता त्याला रोज सकाळी बहिणीच्या दारात रांगेत उभं राहणं भाग होतं.

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजांची कामं थांबली होती. रांगेत त्याचा नंबर आला. तिनं मागच्या गाडीला हात केला. "तुम्ही या पुढं." मग त्याच्या मागच्याला. सगळ्या गाड्या गेल्यावर त्याची घेतली. खाली उतरली, तपासली आणि म्हणाली, "डावीकडचा बॉल जॉइंट गेलाय."

खरंच गेला होता. त्यानं माझ्याकडून नवा घेतला आणि बसवला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "चाकाची बेअरिंग सैल आहे." तीही होती. त्यानं तीही केली. तिसऱ्यांदा पाट्यांचे रबरी बुश झिजलेले निघाले. तो एकेक काम करत गेला, आणि मी सांगतो, इतकं मन लावून त्यानं आयुष्यात कधी काम केलं नसेल. त्या जीपच्या पुढच्या बाजूत जुनं म्हणून काही उरलं नाही. मी विकलेलं सामान मला माहीत आहे ना.

मग एका सकाळी तो आला. रांगेत आठ-दहा ड्रायव्हर उभे होते. नवरा नेहमीसारखा सीटवर बसला, ती खाली उतरली. हलवा, थांबा, परत हलवा. वर आली. हातात खडू होता. चाकापाशी गेली आणि उभी राहिली.

भाऊ म्हणाला, "आता काय राहिलंय?"

"रंगाचं राहिलंय."

भावानं मान खाली घातली. "इथं नको," म्हणाला. "संध्याकाळी घरी येतो."

"फाटकाशी जे बोललास ते घरी बोलला होतास का? इथंच सांग. यांनीच ऐकलं होतं, यांनाच सांग."

बराच वेळ तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला वाटलं, गाडीत बसून निघून जाईल. पण वर न्यायची माणसं मागं बसलेली होती, आणि तोही थकला असावा. त्यानं ड्रायव्हरांकडे तोंड केलं.

"दाजींनी गाडी आणली तेव्हा मी भेग बघितली होती. वेल्डिंग करायचं तर पुढचं सगळं उतरवावं लागलं असतं. बाहेर दुसरी गाडी घाईची होती. मी वरचा स्क्रू आवळला आणि भेगेवर रंग मारला. पुढच्या आठवड्यात बोलावून करू म्हटलं. दाजी जोरात नव्हते. दारूही नव्हती. मी घाबरलो आणि बोलून गेलो. मग ते परत घेता येईना."

नवरा सीटवर बसून समोर काचेतून बघत होता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

मी मिस्त्रिणीकडे बघत होतो. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं होतं. मला वाटलं, आता रडेल, किंवा निदान फुली मारेल. तिनं खडू मुठीत घेतला आणि शांतपणे म्हणाली, "गाडी अजून मोकळी आहे. उद्या ये."

भावानं वर बघितलं. "कुठं मोकळी आहे?"

"मी सांगते ना. उद्या ये."

तेव्हा वरून नवरा बोलला. "गाडी ठीक आहे."

"नाही."

"माझ्या हातात आहे ती. ठीक आहे."

ती म्हणाली, "तुम्ही खाली उतरा."

तो उतरला नाही. त्यानं चावी फिरवली. अपघातानंतर त्यानं गाडी चालवलेली नव्हती. न वाकणारा पाय बाहेरच्या बाजूला सरळ टाकून, अर्धवट तिरका बसून त्यानं गाडी शेडमधून मागं काढली. मागं बसलेल्या माणसांना म्हणाला, "ज्यांना उतरायचंय त्यांनी उतरा." दोघं उतरले, बाकीचे बसून राहिले. आणि जीप डोंगराच्या वाटेला लागली.

भाऊ आणि बहीण शेडच्या दारात उभे राहिले. मध्ये हातभर अंतर. दोघंही वर बघत होते. वाट सगळी इथून दिसत नाही, पण ओढ्यापलीकडचं ते वळण दिसतं. त्या गाडीत काही नव्हतं हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. तरी जीप वळणावर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. जीप वळण घेऊन दिसेनाशी झाली. भाऊ हळूच म्हणाला, "सरळ जातेय."

माणसं वर सोडून तो परत आला. कष्टानं खाली उतरला, घामानं भिजलेला. तिच्याजवळ गेला, तिची मूठ उघडली, खडू घेतला आणि वाकून स्वतःच चाकावर फुली मारली. चावी मेव्हण्याच्या हातात दिली. बायकोला म्हणाला, "भूक लागलीय."

ती पुढं बरेच दिवस नवऱ्याशी बोलत नव्हती. कामापुरतं "हलवा" आणि "थांबा" एवढंच. तो माझ्याकडे येऊन म्हणायचा, "नाव साफ झालं, त्याचं बरं वाटलं. पण तिनं खडू टेकवला असता तर जास्त बरं वाटलं असतं." मॅनेजरनं त्याला बोलावून कामावर घेतलं. ब्रेक-क्लच हातानं चालतील अशी गाडी त्याच्यासाठी करून घेतली, आणि ती मिस्त्रिणीनंच केली. हे एकच काम तिनं पाटीबाहेरचं केलं.

भावाचं मात्र संपलं. चूक झाली तर माणसं पोटात घालतात, पण बघून रंग मारला हे कुणाला पचेना. फुली मिळायची त्याला, पण त्याच्या गाडीत बसायला माणसं कचरायला लागली. त्यानं जीप विकली, गॅरेज विकलं आणि बायकोच्या माहेरच्या बाजूला कुणाच्या तरी कारखान्यात नोकरीला लागला. आई त्याच्याबरोबर गेली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मिस्त्रीण खड्ड्यात होती. ती वर आली नाही. टेम्पो हलला तेव्हा खालून फक्त हातोडीचा आवाज येत होता.

बापाचं ते गॅरेज तिनंच विकत घेतलं. मी एकदा विचारलं, "आता तरी समाधान झालं का?"

"झालं," ती म्हणाली. "का नाही व्हायचं?"

"आईचं वाईट नाही वाटत?"

"वाटतं. पण ते वेगळं."

मागच्या वर्षी आई आजारी पडली आणि तिला इथल्याच मोठ्या दवाखान्यात आणलं. मी भेटायला गेलो. बाहेर बाकावर दोघं बसली होती, एका टोकाला भाऊ, दुसऱ्या टोकाला बहीण. भावाचे केस पांढरे झाले होते. नर्स बाहेर आली आणि विचारलं, "पेशंटचं कोण आहे?"

"मुलगा," तो म्हणाला.

"मुलगी," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही बहीण-भाऊ," नर्स म्हणाली. दोघांपैकी कुणीच हो म्हटलं नाही. नर्स माझ्याकडे बघून आत गेली.

थोड्या वेळानं भाऊ उठला. "चहा आणतो."

"मला नको," ती म्हणाली.

तो तीन कप घेऊन आला. एक मला दिला, एक स्वतः घेतला आणि तिसरा बाकावर तिच्या बाजूला ठेवला. ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली. आम्ही दोघांनी आमचा पिऊन संपवला. तिच्या कपावर साय धरली तरी तिनं हात लावला नाही आणि त्यानंही पुन्हा विचारलं नाही. नंतर आतून आईनं मुलीचं नाव घेऊन हाक मारली, तशी ती उठून आत गेली. तो चहा मग मीच प्यायलो.